कमानीतलं गाणं

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरचा डबा काढताना जाईबाई ओव्हाळ स्टुलावरून पडल्या. उजवा खांदा धरला. वय पंच्याहत्तर. तेरमध्ये गोळ्या झाल्या, लेप झाले, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. त्यांचा मुलगा बुद्धघोष धाराशिवला कचेरीत नोकरीला, रोज एसटीनं जाऊन-येऊन करणारा. तो आठवड्यातून दोनदा त्यांना बरोबर नेऊ लागला. बाजाराच्या मागं एका मेडिकलच्या वर क्षमा नावाची तरुण फिजिओथेरपिस्ट होती. तिच्याकडं आईला सोडायचं, कचेरी गाठायची आणि दुपारी येऊन आईला तेरच्या गाडीत बसवायचं, असा त्याचा क्रम ठरला.

तिसऱ्या खेपेला क्षमा म्हणाली, "आजी, डाव्या हातानं ही दांडी धरा आणि पाठ हळूहळू मागं न्या. दुखेल तिथं थांबायचं."

जाईबाईंनी दांडी धरली आणि पाठ मागं नेली. क्षमा त्या कधी थांबतात याची वाट बघत राहिली. त्या थांबल्याच नाहीत. डोकं मागं गेलं, मान गेली, पाठीची कमान झाली आणि पांढरा अंबाडा कमरेच्या खाली येऊन लोंबायला लागला. तशाच उलट्या अवस्थेत भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत त्या म्हणाल्या, "साडेअकरा झाले का गं, माय?"

क्षमानं घाईघाईनं त्यांना सरळ केलं. खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पाण्याची गरज खरं तर तिला होती.

"आजी, तरुणपणी तुम्ही करत काय होता?"

बुद्धघोष कचेरीत होता. खोलीत दोघीच. जाईबाईंनी पदर सारखा केला, खिडकीतून खालच्या गर्दीकडं जरा वेळ बघितलं. हे त्यांनी आजवर नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरालाही नाही.

"गात व्हते," त्या म्हणाल्या. "अन् वाकत व्हते. दोन्ही संगंच."

*

जाईबाईंचे वडील व्यंकट तेरचेच. छप्पन साली सगळ्या गल्लीनं धम्म घेतला तेव्हा जाई सहा वर्षांची होती. त्या दिवसापासून व्यंकटनं गावकीची हलगी सोडली. खुंटीला टांगली ती टांगलीच. पण वाजवल्याशिवाय त्याला करमेना. "आता वाजवायचं तर नोकरी म्हणून," असं म्हणून तो सोलापूरला गेला, बँडवाल्यांकडं क्लॅरिनेट शिकला आणि बसप्पांच्या सर्कशीत लागला. बायको आधीच वारली होती. मग आठ वर्षांच्या जाईचं बोट धरूनच तो तंबूत गेला.

सर्कस म्हणजे काही मोठी नव्हे. वाघ नव्हता, हत्ती नव्हता. एक शहाणं घोडं, दोन सायकली, सात-आठ माणसं आणि ठिगळांचा एक तंबू. त्या तंबूची जाईबाईंना सगळ्यात पक्की आठवण आहे ती दुपारची. जेवून आडवं झालं की भोकाभोकांतून ऊन आत यायचं आणि अंगभर उजेडाचे ठिपके पडायचे. वारा सुटला, कापड हललं, की ते ठिपके या अंगावरून त्या अंगावर जायचे. शेजारी बसप्पांची पुतणी भुवनेश्वरी झोपलेली असायची. तीही आठच वर्षांची, आळंदकडची, कानडी बोलणारी. दोघी तळव्यावर तळवा धरून बघायच्या, कुणाच्या हातावर जास्त ठिपके आहेत.

बसप्पांनी दोघींना एकत्रच वाकायला शिकवलं. पहाटे गोणपाट अंथरायचं, कोमट तेल लावायचं आणि पाठ मोडायची. आधी डोकं टाचांना टेकायचं, मग तेच डोकं पायांच्या मधून पुढं काढून हनुवटीखाली दोन्ही हात ठेवून लोकांकडं बघत हसायचं. तसं झालं की श्वास कोंडायचा. पोट ताणलेलं, छाती दाबलेली, हवा जायची कुठं?

बसप्पा म्हणायचे, "पोट बंद झालं तर पाठीनं श्वास घ्यायचं. पाठीला पण नाक हाय. शोध."

जाईला ते नाक सापडायला दीड वर्ष लागलं. एका सकाळी अचानक सापडलं. खालच्या बरगड्या मागच्या बाजूनं उघडल्या, घराची मागची खिडकी उघडावी तशा, आणि गार हवा आत आली. तिनं भुवनेश्वरीला सांगितलं. तिलाही सापडलं. मग दोघी कमान करून तासन्‌तास नुसत्या श्वास घेत पडून राहायच्या.

गाणं मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं. ते अक्कलकोटच्या मुक्कामात घडलं. ढोलवाला तापानं पडला होता. दोघी मुली टेबलावर वाकलेल्या, आणि ऐन वेळी व्यंकटच्या क्लॅरिनेटची पट्टी चिरली. तंबूत एकदम सामसूम झाली. वाद्याशिवाय वाकलेलं अंग भेसूर दिसतं, हे सगळ्यांना त्या दिवशी कळलं. पुढच्या रांगेतलं एक लहान मूल रडायला लागलं.

तेव्हा व्यंकट कोपऱ्यातून ओरडला, "जाई, गा!"

जाईनं आई जात्यावर म्हणायची ते म्हणायला सुरुवात केली. चाल तिला पाठ होती, शब्द अर्धेमुर्धे. पाठीनं श्वास घ्यायचा आणि थोडा थोडा सोडायचा. आवाज तिचा तिलाच वेगळा वाटला, आडातून यावा तसा. भुवनेश्वरीला ओव्या येत नव्हत्या, ती नुसती हुंकार देत राहिली. रडणारं मूल गप्प झालं. कुणी टाळी वाजवली नाही. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि खेळ संपला तरी तो तसाच बसून होता.

त्यानंतर गावोगावी लोक विचारायला लागले, "त्या वाकून गाणाऱ्या पोरी हायत का?"

सदुसष्ट साली ते कोल्हापूरच्या एका सिनेमावाल्याच्या कानावर गेलं. त्याच्या गोष्टीत नायक जत्रेत वाट चुकतो आणि एका तंबूत शिरतो, तिथं चार मिनिटांचं गाणं होतं. सिनेमाचं नाव चित्रीकरण चालू असतानाच तीनदा बदललं. शेवटी कुठलं राहिलं ते जाईला कधी कळलं नाही. तिला कळला तो स्टुडिओ. काळ्या फरशीवर तेल फासून पाणी केलेलं. त्या पाण्यात पत्र्याचं मोठं कमळ. वर मलमलीचा चंद्र, आत दिवा, आणि एक माणूस दोरी धरून त्याला या टोकाकडून त्या टोकाकडं सावकाश ओढत होता. कमळ उघडायचं आणि आतून दोघी उमलायच्या, आधी पाय, मग हात, शेवटी चेहरे.

गाण्यासाठी मुंबईहून एक गायिका आणली होती. फार गोड आवाज. पण तिचं ध्वनिमुद्रण पडद्यावर लावून बघितल्यावर दिग्दर्शक मान हलवायला लागले. "हा उभ्या बाईचा आवाज आहे," ते म्हणाले. शेवटी त्यांनी जाई आणि भुवनेश्वरीलाच बोलावलं, खोलीत सतरंजी टाकली, दोघींना कमान करायला लावलं आणि मायक्रोफोन खाली उतरवून उशीवर ठेवला, तोंडाजवळ. संगीतकारांनी लांब ओळी तोडून तीन-तीन शब्दांच्या केल्या. एकदा सगळं गाणं जाईकडून गाऊन घेतलं, एकदा भुवनेश्वरीकडून.

"यातला बरा असेल तो ठेवू," दिग्दर्शक म्हणाले.

कोणता ठेवला ते ऐकायला दोघीही थांबल्या नाहीत. सर्कस मिरजेला जायची होती. आणि पुढच्या पावसाळ्यात व्यंकटची छाती बिघडली, फुंक मारवेना. तो जाईला घेऊन तेरला परत आला. अठराव्या वर्षी तिचं धम्मपालशी लग्न झालं. धम्मपाल शाळेत शिपाई होता, सरळ, कमी बोलणारा माणूस. जाईनं पुढं एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या थापल्या. सर्कशीतली पोर ती हीच, हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असेल, पण ती म्हातारी माणसं एकेक करून गेली.

*

क्षमानं हे सगळं ऐकलं आणि त्या आठवड्यात रोज घरी जाऊन ती मोबाइलमध्ये शोधत बसली. परदेशातल्या कुणा हौशी माणसानं जगभरच्या जुन्या सिनेमांतले असे वाकून गाण्याचे तुकडे जमवले होते, त्यांचा एक चॅनलच होता. पुढच्या शनिवारी तिनं दवाखाना अर्धा तास उशिरा उघडला. बुद्धघोषलाही सुट्टी होती. तिनं त्यालाही वर बोलावलं आणि भिंतीवरच्या टीव्हीला मोबाइल जोडला.

तिघं बघत बसले. चमकीचा पोशाख घातलेली एक गोरी बाई स्वतःचे पाय शालीसारखे खांद्यावर टाकून प्रेमाचं गाणं म्हणत होती. तीन बहिणी एकमेकींवर रचल्यासारख्या वाकलेल्या, तिघींचे तीन सूर. एक गृहस्थ प्रवासी पेटीतून घडी उलगडत बाहेर आला, टोपी घातली आणि गायला लागला. सगळं काळं-पांढरं, मुंग्या आलेलं, पावसातून बघावं तसं. बुद्धघोष बुचकळ्यात पडून एकदा टीव्हीकडं, एकदा आईकडं बघत होता. जाईबाई पुढं सरकून पारखी नजरेनं बघत होत्या.

"ही गात न्हाय," शालीवाल्या बाईकडं बोट करून त्या म्हणाल्या. "नुसतं तोंड हालतंय. बरगडी बघ, जागची हालंना. पर त्या तिघी बहिणी खऱ्या. मधलीला दम लागलाय."

एक्केचाळिसावा तुकडा लागला. खाली लिहिलं होतं, भारत, साल माहीत नाही, कलाकार माहीत नाहीत.

काळं पाणी चमकलं. कमळ उघडलं. मलमलीचा चंद्र हलायला लागला, आणि दोन उलटे चेहरे हसत वर आले.

चांदणं धुतलं, दोरीला टाकलं,
वाऱ्यानं नेलं गं नेलं...

उजव्या बाजूच्या मुलीच्या पायात काळा दोरा होता, तो व्यंकटनं बांधलेला. "ही मी," असं त्यांनी क्षमाला बोटानंच दाखवलं. बुद्धघोषनं ते बघितलं. बावन्न वर्षांचा माणूस तो, खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसला.

पहिलं कडवं संपलं आणि मधली बासरी सुरू झाली. पाच सूर वर चढायचे, जरासे थबकायचे, आणि दोन खाली यायचे.

बुद्धघोष ताडकन उठला. "आई, ही दादांची शीळ हाय!"

टीव्हीवर दुसरं कडवं सुरू झालं होतं, पण आता ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

"दादांचीच," वडिलांच्या आठवणीनं तो म्हणाला. "दाढी करताना, सायकल पुसताना... आयुष्यभर हीच शीळ घालत व्हते ते. अगदी अशीच. मधी थांबून."

"पुन्हा लाव, माय," जाईबाई क्षमाला म्हणाल्या. तिनं लावलं. त्यांनी तीनदा ऐकलं. बासरी गाण्यात नंतर भरलेली होती. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ती तिथं नव्हती. जाईनं ती कधी ऐकली नव्हती, मग नवऱ्यापुढं गुणगुणायचा प्रश्नच नव्हता. ती सूरमाळ धम्मपालला एकाच ठिकाणी मिळू शकत होती.

"लग्नाला वरीस झालं व्हतं," जाईबाई सांगू लागल्या. "सिनेमा सोलापूरला लागला, असं कुणीतरी सांगितलं. मला दिवस गेलेले, ते पहिलं, जगलं न्हाय ते. ह्यांनी मला नेलं न्हाय. म्हणले, आधी मी बघून येतो, चांगला असला तर तुला नेतो. रविवारी गेले. सांजच्याला आले. म्या लसूण सोलत व्हते. म्हणले, 'तुझं गाणं न्हाय त्यात. कापलंय.'"

"अन् तू?"

"म्या लसूण सोलत ऱ्हायले."

बुद्धघोषनं विचारलं, "दादा खोटं का बोलले असतील?"

"भ्याले असतील. गाणं हाय म्हणले असते, तर म्या परत तंबूत गेले असते."

"खरंच गेली असतीस?"

"गेले असते," जाईबाई म्हणाल्या. जराही न अडखळता.

परतीच्या गाडीत मायलेक शेजारी बसले. बुद्धघोषच्या मनात आईला बरंच काही विचारायचं होतं. ढोकीच्या अलीकडं तो एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचंस." जाईबाईंनी त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. तेर येईपर्यंत त्या झोपल्या असं त्याला वाटलं. त्या झोपल्या नव्हत्या. त्यांना पत्र्याच्या कमळाचा वास येत होता, तेलाचा आणि तापलेल्या दिव्यांचा.

घरात बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीखाली धम्मपालचा फोटो होता. आठ वर्षं झाली त्याला जाऊन, आणि रोज सकाळी जाईबाई तो पदरानं पुसायच्या. त्या दिवसापासून त्यांनी पुसणं बंद केलं. वरच्या दोन्ही तसबिरी पुसायच्या आणि खालच्या फोटोपाशी हात थांबायचा. सुनेनं ते बघितलं. नऊ दिवस झाले. काचेवर धूळ बसली. दहाव्या सकाळी जाईबाई फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "पन्नास वर्सं माझ्यापुढं शीळ घालत व्हता. एकदा तरी म्हणायचं व्हतं, चांगलं गायलीस म्हणून." मग त्यांनी फोटो पुसला.

राग गेला असं नाही. पण त्यात आता एक चित्र मिसळलं होतं. सोलापूरच्या अंधाऱ्या थिएटरात खुर्चीच्या कडेवर बसलेला तेवीस वर्षांचा धम्मपाल, वर बघणारा. तो चेहरा त्यांनी कधी बघितला नव्हता, आणि आता तो रोज दिसायला लागला.

*

क्षमानं त्या तुकड्याखाली मराठीत लिहिलं होतं की यातली एक मुलगी तेरच्या जाईबाई, दुसरीचं नाव भुवनेश्वरी, कुणाला माहिती असेल तर कळवा. जानेवारीत उत्तर आलं. मुरूमचा विरेश नावाचा तरुण होता. "दुसरी मुलगी माझी आज्जी. ती विचारतेय, जाई अजून आहे का?"

मुरूम. ह्याच जिल्ह्यातलं, उमरग्याच्या अलीकडं. इतकी वर्षं दोघी चार तासांच्या अंतरावर राहत होत्या.

फोन लावला तेव्हा आधी दोन्हीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग पलीकडून आवाज आला, "पाठ कशी हाय गं तुझी?"

"पाठ बरी हाय," जाईबाई म्हणाल्या. "खांदा गेलाय."

"माझी पाठ बी बरी हाय. गुडघे गेले." आणि दोघी इतक्या हसल्या की बुद्धघोषला फोन हातात धरावा लागला.

फेब्रुवारीत विरेशनं आज्जीला गाडीनं तेरला आणून सोडलं. भुवनेश्वरी बारीक झाली होती. कपाळाला विभूती, अंगावर इरकल लुगडं. दारातच तिनं जाईबाईंचा हात उलटा करून तळवा बघितला, मग आपला तळवा त्यावर ठेवला. कुणाला काही कळलं नाही. दोघींना कळलं.

तिची हकीगत वेगळी होती. तिनं गुलबर्ग्याला तो सिनेमा चारदा बघितला होता. नंतर लग्न केलं, लग्नानंतरही बारा वर्षं तीन वेगवेगळ्या सर्कशीत काम केलं, मग मुरूमला शिवणाचं दुकान टाकलं.

जाईबाईंनी तिला धम्मपालचं सांगितलं. भुवनेश्वरी विचार करून म्हणाली, "माझा नवरा काही लपवला न्हाय. जा म्हणला. म्या गेले, बारा वर्स. पाऊस, चिखल, उपास. एकदा टेबल मोडून पडले." ती गुडघा चोळत हसली. "पण खोटं का बोलू? लई मजा आली, जाई."

जाईबाईंना ते ऐकून वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. तिनं समजूत घातली नाही म्हणून बरं वाटलं.

संध्याकाळी बुद्धघोषनं टीव्हीवर गाणं लावलं. संपल्यावर भुवनेश्वरी डोळे पुसत म्हणाली, "चारदा बघितलं, चारी वेळा तुझाच आवाज ऐकायला गेले."

"माझा?" जाईबाई चकित झाल्या. "अगं, तुझा ठेवलाय त्यांनी. म्या तर पहिल्याच दिवशी वळखलं."

"न्हाय न्हाय. तुझा हाय."

"तुझा गं."

दोघींना आवाज एकाच क्लॅरिनेटवर लावून दिलेला, दोघींची पट्टी एक. आणि स्वतःचा आवाज आपल्याला कधी ओळखू येतो? वाद वाढला. मग बुद्धघोष म्हणाला, "थांबा. मावशी, तुमी 'चांदणं' म्हणा बरं."

भुवनेश्वरीनं म्हटलं. तिचा च चहातला होता. जाईबाईंचा चटणीतला. कानडी जिभेला तो चटणीतला च लहानपणी जमला नाही आणि म्हातारपणीही जमलेला नव्हता. बुद्धघोषनं गाणं पुन्हा लावलं. पहिल्या कडव्यात चटणीतला च स्पष्ट ऐकू आला. बासरी झाली. दुसरं कडवं सुरू झालं,

चांदणं शोधलं, बांधाला घावलं,
कुणी गं पांघरून गेलं...

आणि तिथं चहातला च होता.

दिग्दर्शकानं दोघींचा आवाज ठेवला होता. अर्धा अर्धा, आणि सांधा कुठं दिसू दिला नव्हता.

दोघी बराच वेळ टीव्हीच्या बंद काचेकडं बघत बसल्या. त्यात त्या दोघी बसलेल्या अंधूक दिसत होत्या. भुवनेश्वरीनं हळूच कानडीत काहीतरी म्हटलं. जाईबाईंना कानडी विसरून जमाना झाला होता, तरी त्यांनी मान डोलावली.

क्षमानं त्या परदेशी माणसाला लिहून नावं दुरुस्त करून घेतली. जाईबाईंचं नाव कसं लिहायचं, असं तिनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तवा व्हते तसं. जाई व्यंकट." दुसरीनं चुलत्याचं नाव लावलं, भुवनेश्वरी बसप्पा. एक्केचाळिसाव्या तुकड्याखाली आता ती दोन नावं आहेत.

*

चार दिवस राहून भुवनेश्वरी निघाली. विरेश न्यायला येतो म्हणत होता, तिनं नको म्हणून सांगितलं. एसटीला पंच्याहत्तरीनंतर तिकीट लागत नाही, त्याचं तिला फार अप्रूप होतं. जाईबाई म्हणाल्या, "एकटी कशी जाशील? धाराशिवपर्यंत येते." क्षमाकडं जायचा वारही होता.

धाराशिवला तुळजापूरवरून उमरग्याला जाणारी गाडी लागलेली होती. जाईबाई पिशवी चढवून द्यायला आत गेल्या आणि खिडकीशी बसल्या. कंडक्टरनं घंटी मारली. "आजी, तुम्ही कुठं?" त्यांनी पदराच्या गाठीतून कार्ड काढून दाखवलं. "हिच्या संगं."

तुळजापूर गेलं. नळदुर्गला हमरस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती, गाडी पाऊण तास थांबून थांबून चालली. कापलेल्या ज्वारीची रानं दुपारच्या उन्हात पिवळी होऊन पडली होती. भुवनेश्वरी त्यांच्या बऱ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. मुरूमच्या फाट्यावर उतरल्यावर जाईबाईंनी बुद्धघोषला फोन लावला.

"म्या मुरूमला हाय."

"मुरूमला? आई, अगं औषधं? कपडे?"

"कपडे हिचे बसतात मला," जाईबाई म्हणाल्या. "क्षमाला सांग, यायला उशीर व्हईल."

दुसऱ्या दिवशी त्या उजाडल्यावर जाग्या झाल्या. कौलं अनोळखी, भिंतीचा रंग अनोळखी, बाहेर कुणीतरी कानडीत गाईला दटावत होतं. आपण कुठं आहोत ते क्षणभर त्यांना कळेना, आणि त्या घाबरल्याही नाहीत. सर्कशीत असताना दर दोन-तीन दिवसांनी गाव बदलायचं. जाग आली की डोळे न उघडताच त्या शेजारच्या अंथरुणाला विचारायच्या.

"भुवन, आज गाव कुठलं?"

"मुरूम," चुलीजवळून उत्तर आलं. "खेळ न्हाय आज. झोप."

जाईबाई कुशीवर वळल्या आणि पुन्हा झोपी गेल्या.